पोलाँ नावाचा संपादक

दुसऱ्यांच्या हस्तलिखितांपायी आयुष्य वेचणाऱ्या माणसांची मला फार ओढ आहे. फ्रेंच संपादक झाँ पोलाँ हा त्यांतला माझा सर्वांत लाडका. १८८४ साली नीमला जन्मलेला हा माणूस ऐन तरुणपणी मादागास्करला मास्तरकी करायला गेला. तिथे वादाला बसलेली माणसं म्हणींवर म्हणी टाकून एकमेकांना निरुत्तर करत. म्हणींनी भरलेली ती 'हैनतेनी' काव्यं पोलाँने गोळा करून १९१३ साली पुस्तक काढलं. दोन्ही बाजू ऐकून घ्यायची सवय त्याला तिथेच लागली असावी.

१९२५ मध्ये 'नूव्हेल रेव्ह्यू फ्रांसेझ' या मासिकाचा संपादक झाक रिव्हिएर वारला आणि ते पोलाँच्या हाती आलं. पाँज, मिशो यांच्यासारखे लेखक त्याने जपले. सार्त्रची 'भिंत' ही कथा १९३७ साली तिथेच छापली. लेखकांना तो सतत पत्रं लिही.

मग १९४० उजाडलं. पॅरिसमध्ये जर्मन आले आणि त्यांच्या संमतीने मासिक जर्मनधार्जिण्या लेखकाकडे, द्रियू ला रोशेलकडे गेलं. पोलाँने संपादकाची खुर्ची सोडली, पण घरी एक यंत्र लपवलं. चोरटी पत्रकं काढायचं, हाताने फिरवायचं यंत्र. प्रतिकार चळवळीतल्या सोबत्यांची धरपकड सुरू झाली तेव्हा त्याने ते मोडून तुकडे तुकडे केले आणि सेन नदीत टाकून दिले. ज्याचं आयुष्य छापण्यात गेलं, त्याच्या हातांना ते तुकडे किती जड झाले असतील! १९४१ च्या मे महिन्यात त्यालाही पकडलं. सोडवलं कुणी? त्याच द्रियूने, जर्मनांकडे शब्द टाकून.

बाहेर आल्यावर पोलाँ स्वस्थ बसला नाही. प्रतिकार चळवळीतल्या झाक दकूर या लेखकाबरोबर त्याने 'ले लेत्र फ्रांसेझ' हे भूमिगत पत्र उभं केलं. पहिला अंक निघण्याआधीच, मे १९४२ मध्ये, दकूरला गोळ्या घातल्या गेल्या.

एवढं सोसलेल्या माणसाने सूडाची भाषा केली असती, तर कोण नावं ठेवणार होतं? पण युद्धानंतर शत्रूला सामील झालेल्या लेखकांच्या काळ्या याद्या निघाल्या, तेव्हा त्यांना विरोध करणाऱ्यांत पोलाँ पुढे होता. १९५२ साली प्रतिकार चळवळीच्या धुरिणांना उद्देशून त्याने खरमरीत पत्र छापलं. जुने सोबती दुरावले. मला मात्र यंत्र लपवणाऱ्या पोलाँपेक्षा हे पत्र लिहिणारा पोलाँ अधिक धीट वाटतो.