छोट्यांचं गाणं, मोठ्यांचं गाणं

घरात सहा आणि अडीच वर्षांची दोन मुलं असली की गाण्याच्या बाबतीत आईबापांचे हाल कुत्रा खात नाही. मैत्रिणींनो, तुमचा अनुभव वेगळा असेल तर तुम्ही भाग्यवान! आमच्या मोरिवलीच्या दोन खोल्यांत मोबाइलवरची इंग्रजी बडबडगीतं सकाळच्या दुधाबरोबर सुरू व्हायची, ती रात्री वरणभाताचा शेवटचा घास पोटात जाईपर्यंत. तोच चिरका आवाज, तीच यंत्रातली थाप. हे एमआयडीसीतल्या कारखान्यात पाळीवर जातात. रात्रपाळी करून आलेला माणूस कानात कापूस घालून आतल्या खोलीत निजायचा. मला भावगीतं ऐकावीशी वाटत, तर पहिलं कडवं संपायच्या आत धाकटी भोकाड पसरायची. सासूबाईंचे अभंग मग त्यांच्या खोलीत, दार लोटून. एका घरात गाण्याच्या चार चुली!

गाण्याचं सोडा हो. मला खुपायचं ते वेगळंच. पाळ्यांमुळे मुलांची आणि त्यांच्या बाबांची जागेपणी गाठ पडायची ती आठवड्यातून तीन-चारदा, आणि तेव्हाही मुलं मोबाइलमध्ये नि बाबा पांघरुणात. थोरला तर एकदा शेजारी सांगून आला, "आमचे बाबा झोपतात." बाबा काय करतात, या प्रश्नाचं ते उत्तर होतं! सगळ्यांना एका सतरंजीवर बसवील असं काहीतरी मला हवं होतं, आणि ते बिनखर्चाचं हवं होतं.

आधी वाटलं, मुलांवरची गाणी लावली की झालं. पण मुलांवरचं गाणं आणि मुलांचं गाणं ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, बरं का. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांची 'दमलेल्या बाबाची कहाणी' लावली. ह्यांचे डोळे भरून आले, मीही पदर लावला डोळ्यांना, आणि चिरंजीव म्हणाले, "बाबा, दुसरं लावा ना." त्याचं काही चुकलं नाही. ते गाणं बापाचं आहे. त्याच दोघांचं 'अग्गोबाई ढग्गोबाई' लावल्याबरोबर मात्र दोघंही मुलं उठून उभी राहिली, आणि आम्हालाही ऐकताना मजा आली.

मग सासूबाईंनी जुन्याची आठवण करून दिली. 'नाच रे मोरा' हे गाणं १९५३ सालच्या 'देवबाप्पा' चित्रपटातलं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाल पु. ल. देशपांड्यांची, आवाज आशा भोसल्यांचा. जरा विचार करा, ही माणसं काही फक्त 'मुलांची' नव्हती. माडगूळकरांनी पुढे दोनच वर्षांनी, १९५५ साली पुणे आकाशवाणीसाठी गीतरामायण लिहायला घेतलं, छप्पन्न गीतांचं! अशा माणसांनी मुलांसाठी केलं म्हणून काही हातचं राखून केलं नाही. म्हणूनच ते गाणं दिवसात दहादा ऐकूनही माझं डोकं उठत नाही. मुलांना तर एकच गाणं पुनःपुन्हा हवं असतं, त्याला इलाज नाही. तेव्हा निवडताना मी आता एवढंच बघते, की विसाव्या खेपेला मला ते सोसवेल का? मंगेश पाडगावकरांचं 'सांग सांग भोलानाथ' त्या कसोटीला उतरलं. मीना खडीकरांची चाल, आणि गाणाऱ्यांत त्यांचीच मुलं रचना आणि योगेश. खऱ्या मुलांचा आवाज ऐकला की आपल्या मुलांना आपणही म्हणावंसं वाटतं. यंत्रातल्या चिरक्या आवाजाबरोबर कोण गाणार?

माडगूळकरांच्या आगगाडीच्या गाण्याने तर गंमतच केली. गाड्या आमच्याकडे दिवसभर कानावर पडतात, पण त्यांना धूर कुठला? थोरल्याचे प्रश्न संपेनात. तेव्हा एका सुट्टीच्या दिवशी हे दोघांना घेऊन नेरळला गेले. बदलापूर, वांगणी, शेलू आणि मग नेरळ, फार लांब नाही. माथेरानची ती १९०७ साली सुरू झालेली छोटी गाडी लांबूनच बघितली, वाफेच्या इंजिनाची माहिती बाबांनी तोंडाने आवाज काढून दिली, वडापाव खाल्ला आणि परत आले. तेव्हापासून त्या गाण्यात इंजिन व्हायचा मान बाबांचा. डब्यांच्या क्रमावरून भांडणं होतात, ती सोडवायला मी गार्ड!

पण खरी गोष्ट पुढेच आहे. लग्नाआधी हे नोकरीला मुंबईला जात, आणि लोकलमधल्या भजनी मंडळात टाळ वाजवीत. गर्दीत एकमेकांना रेलून उभ्या राहिलेल्या माणसांनी सकाळी सकाळी धरलेला तो गजर ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको. नोकरी इकडे आली आणि टाळ माळ्यावर गेले. दिवाळीच्या साफसफाईत ते मला सापडले, हिरवे पडलेले. चिंच लावून घासले आणि काही न बोलता ह्यांच्या उशाशी ठेवले.

त्या संध्याकाळी प्रथमच सासूबाईंच्या खोलीचं दार लोटलेलं नव्हतं. त्या गात होत्या, हे टाळ धरत होते आणि मुलं आ वासून बघत होती. एकेका टाळेला पितळेचं वजन बरंच असतं, धाकटीला ते पेलेना. तिला अंबरनाथच्या शिवमंदिराच्या जत्रेत घेतलेला डमरू दिला. थोरल्याला ह्यांनी मांडीवर घेऊन आठ मात्रा मोजायला शिकवलं, केरवा म्हणतात तो. झोका देण्याजोगी चाल असेल तर बहुधा सहा मात्रांचा दादरा. मुलगा आता कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मोजतो! अभंगातलं त्याला काय कळतं, असं कुणी विचारील. फारसं काही कळत नसेल. पण त्यात त्याला काम आहे, आणि ते त्याच्या बाबांच्या शेजारी बसून करायचं आहे.

निजवायचं गाणं मात्र आमच्याकडे बाहेरून आलं. शेजारच्या सिंधी आजींचं माहेर उल्हासनगरचं. फाळणीनंतर निर्वासितांची छावणी होती तिथे १९४९ साली उल्हासनगर वसलं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. त्या धाकटीला मांडीवर घेऊन त्यांच्या भाषेतली 'लोली', म्हणजे अंगाई, म्हणतात. शब्द ना तिला कळत, ना मला. पोरगी पाच मिनिटांत गाढ.

इंग्रजी बडबडगीतं बंद केली का, असं विचाराल. नाही, पाहुणे आले की अजून चालतात, आणि थोरल्याला शाळेत म्हणावी लागतात ती वेगळीच. कुणाला वाद्यं विकत घ्यायची नसतील तर घट्ट फिरकीच्या झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डबीत मूठभर ज्वारी घाला, छान खुळखुळा होतो. झाकणावरून चिकटपट्टी मारायला विसरू नका, आणि चणे, शेंगदाणे किंवा मणी घालू नका. डबी उघडली तर लहान मूल ते तोंडात घालतं आणि घशात अडकतं. काचेची बाटली तर मुळीच नको.

ह्यांची दुसरी पाळी असली की दुपारी निघायच्या आधी अर्धा तास आता ठरलेलाच आहे. खालच्या मजल्यावरच्या वहिनी दोन ते चार झोपतात, तेव्हा दोनच्या ठोक्याला टाळ कपाटात आणि बाबा जिन्यात. परवा त्याच वहिनी विचारत होत्या, गुरुवारी संध्याकाळी आमची पेटी घेऊन वर आले तर चालेल का?