रेणापूरच्या फाट्यावर

लातूरहून अंबाजोगाईच्या रस्त्याला लागलात, की वीसेक किलोमीटरवर रेणापूर येतं. गाव तालुक्याचं. रेणुकादेवीचं देऊळ इथलं प्रसिद्ध. नवरात्रात तिथे पाय ठेवायला जागा नसते. जवळून रेणा नदी वाहते आणि पुढे जाऊन मांजरेला मिळते. भोवती काळी जमीन. सोयाबीन, तूर, हरभरा, आणि पाणी असेल तिथे ऊस. एवढं सांगून झालं की लेखकमंडळी पुढच्या गावाला निघतात. आपण मात्र निघायचं नाही, बरं का! आपण पिंपळफाट्यावर उतरायचं, रस्त्यापासून चांगलं चार हात लांब उभं राहायचं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांची फक्त मागची चाकं बघायची.

हसू नका. तासभर बघा आणि मग सांगा.

दिवाळीनंतर आलात तर उत्तम. तेव्हा उसाचा हंगाम जोरात असतो. तालुक्यात निवाड्याजवळ रेणा सहकारी साखर कारखाना आहे, आणि लातूर जिल्ह्यात इतरही कारखाने आहेत. पहाटेपासून रात्रीपर्यंत ट्रॅक्टर चालू. एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यात ऊस असा रचलेला की पाठीमागून ट्रॅक्टर दिसतच नाही. नुसता एक हिरवा डोंगर डुलत चाललाय असं वाटतं. मधूनच टायरगाड्या येतात. म्हणजे बैलगाडीच, पण लाकडी चाकांऐवजी रबरी टायरवर चालणारी.

आता ट्रॅक्टरकडे नीट बघा. पुढची चाकं लहान आणि मागची केवढाली! आपल्याकडच्या मध्यम ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवर पुष्कळदा '१३.६-२८' असा आकडा असतो. टायरची रुंदी १३.६ इंच, आणि आतल्या लोखंडी रिमचा व्यास २८ इंच. असा टायर उभा केला तर पाचवीतल्या मुलाच्या डोक्याला लागेल. त्याच्यावर बोटभर उंचीचे तिरके दात असतात. ते मऊ मातीत रुततात, मातीला धरतात आणि ट्रॅक्टरला पुढे ढकलतात. सगळी ढकलाढकली मागच्या चाकांनी करायची; पुढची चाकं फक्त वळायचं बघतात. कित्येक शेतकरी मागच्या टायरच्या ट्यूबमध्ये हवेबरोबर चक्क पाणी भरतात, शंभर लिटरांहून जास्त! वजन वाढलं की चाक जागच्या जागी फिरत नाही, मातीला घट्ट धरून ठेवतं.

असला दांडगा टायर लवकर झिजत नसेल, असं वाटतं ना? फाट्यावरच्या पंक्चरवाल्या काकांना विचारा. ते सांगतील, "शेतात कितीबी चालवा, काही होत न्हाई. रोड खातो टायर!"

काका म्हणतात ते अगदी खरं. शेतात दात मातीत घुसतात, त्यामुळे रबराला फारसा त्रास नाही. डांबरी रस्त्यावर मात्र दातांना घुसायला जागाच नसते. टायरचा सगळा भार त्या थोड्याशा दातांच्या टोकांवर येतो. दर फेऱ्याला प्रत्येक दात दाबला जातो, वाकतो, आणि सुटताना रस्त्यावर किंचित घासतो. त्यात मागे उसाच्या ट्रॉल्या ओढायच्या. नांगरटीत वर्षानुवर्षं टिकेल असा टायर दोन-तीन हंगामांच्या वाहतुकीत गुळगुळीत होतो. त्याला काका म्हणतात, "टायर गोटा झाला."

आता जरा लांब जाऊ या. स्पोर्ट्‌स कार, म्हणजे ती जमिनीला चिकटलेली, खालून बसकी, भन्नाट वेगाची मोटार, रेणापूरच्या फाट्यावर दिसायची नाही. पण तिचं आणि आपल्या ट्रॅक्टरचं दुखणं एकच आहे! अशा बहुतेक मोटारींतही इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाते. वेग घेताना गाडीचा भार मागे सरकतो. बाबांनी मोटारसायकलचा वेग एकदम वाढवला की तुम्ही मागे झुकता ना, तसंच. म्हणजे मागच्या टायरवर वजनही जास्त आणि ढकलायचं कामही त्याचंच. शिवाय या टायरांचं रबर मुद्दाम मऊ केलेलं असतं.

मऊ का? तुमच्या कंपासपेटीत उत्तर आहे. मऊ खोडरबर छान खोडतं आणि महिन्याभरात संपतं. कडक खोडरबर वर्षभर पुरतं, पण कागद काळा करतं. टायरचंही तसंच आहे. रस्त्याला घट्ट चिकटणारं रबर हवं असेल तर ते झिजणार. टिकणारं हवं असेल तर ते जरा कमी चिकटणार. घरच्या साध्या मोटारीचे टायर चाळीस-पन्नास हजार किलोमीटर सहज जातात. जोरदार स्पोर्ट्‌स कारचे मागचे टायर दहा-पंधरा हजारांतच बदलावे लागतात, आणि चालवणारा हौशी असेल तर त्याच्याही आधी.

याचं टोकाचं उदाहरण सांगतो. २००५ साली बुगाटी कंपनीची 'व्हेरॉन' नावाची मोटार बाजारात आली. तासाला ४०० किलोमीटरच्या वर वेग! तिच्यासाठी टायर खास बनवून घेतले होते. तरीसुद्धा पूर्ण वेगाने चालवली तर ते टायर पंधराच मिनिटं टिकतील, असं सांगितलं जाई. पण काळजी नको, कारण पेट्रोल बारा मिनिटांतच संपणार! हिशेब करून बघा. त्या वेगाने पंधरा मिनिटांत शंभर किलोमीटर होतात. म्हणजे लातूरहून निघालात तर नांदेड यायच्या आधीच टायर खलास. त्या वेळी चाक सेकंदाला सुमारे पन्नास फेरे घेत असतं. आपला उसाचा ट्रॅक्टर तासाला वीस किलोमीटरने चालला असेल तर त्याचं मागचं चाक सेकंदाला जेमतेम सव्वा फेरा घेतं. माझं मत विचाराल तर वीस टन ऊस घेऊन सव्वा फेऱ्याने जाणारं चाक मला जास्त आवडतं. असो, ज्याची त्याची आवड.

एका मागच्या टायरने तर अख्खी शर्यत बुडवली आहे. अमेरिकेत इंडियानापोलिस इथे जून २००५ मध्ये फॉर्म्युला वनची शर्यत होती. शुक्रवारी सराव चालू असताना एका उतरत्या, वेगवान वळणावर राल्फ शूमाकरचा मागचा डावा टायर निकामी झाला आणि त्याची मोटार भिंतीवर आदळली. त्या वळणावर सगळा जोर डाव्या बाजूच्या टायरांवर येत होता. त्या वर्षी आणखी एक नियम होता : शर्यतीच्या मधे टायर बदलायचे नाहीत. मिशेलिन या टायर कंपनीने तपास केला आणि सांगून टाकलं, की आमचे टायर त्या वळणावर पूर्ण शर्यत टिकतील याची खात्री आम्ही देऊ शकत नाही. रविवारी वीस मोटारी एक फेरी मारून आल्या, आणि मिशेलिनचे टायर असलेल्या चौदा मोटारी सरळ आत निघून गेल्या. शर्यत धावली फक्त सहा मोटारींची! प्रेक्षकांनी आरडाओरडा केला, कंपनीला तिकिटांचे पैसे परत द्यायची तयारी दाखवावी लागली. त्या सहांत चौथा कोण आला माहीत आहे? आपला नारायण कार्तिकेयन, फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय. त्याच्या मोटारीला दुसऱ्या कंपनीचे टायर होते.

पैसे बुडाले, नाव खराब झालं, पण चौदा मोटारींतलं कुणी दगावलं नाही. "टायर टिकणार नाही" हे वेळेवर बोलायला फार मोठं धाडस लागतं, आणि ते पैशाचंही असतं.

रेणापूरला परत येऊ, कारण तेच धाडस इथल्या घरांतही लागतं. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांची नवी जोडी म्हणजे हजारोंचा खर्च. ट्रॅक्टरचा हप्ता आहे, बियाण्याचे पैसे आहेत, मुलांची फी आहे. उसाचं बिल हाती यायला वेळ आहे. मग रात्री जेवताना कुणीतरी म्हणतं, "एवढा हंगाम जाऊ द्या की, पुढच्या साली बघू." म्हणणाऱ्याचं चुकतंय असं पटकन म्हणू नका. पैसे झाडाला लागत नाहीत. पण गोटा झालेल्या टायरला ओल्या रस्त्यावर पकड नसते, आणि भरलेल्या ट्रॉल्या मागून रेटत असतात. चढाला ओझं जास्त झालं तर ट्रॅक्टरचं तोंड वर उचललं जातं. पुढची चाकंच हवेत, मग वळणार कसं?

आणि त्याच रस्त्याने तुमच्यासारखी मुलं सायकलवर शाळेत जात असतात. चालत्या ट्रॉलीमागे धावून ऊस ओढणारे वीर तर दरवर्षी दिसतात. ऊस गोड असतो, मान्य! पण ट्रॉली मागे घसरली, हेलकावली किंवा टायर फुटला, तर ड्रायव्हरला मागचं काही म्हणता काही दिसत नाही. तो हिरवा डोंगर मधे असतो ना. ऊस हवा तर उभ्या गाडीवाल्या मामांना मागावा. बहुतेक मामा नाही म्हणत नाहीत.

फाट्यावर आणखी एक चाक बघायला मिळालं तर नशीब समजा : जुन्या बैलगाडीचं लाकडी चाक. मधे तुंबा, त्यातून निघालेले आरे, आणि बाहेरून लोखंडी पट्टी. तिला म्हणतात 'धाव'. लोहार धाव विस्तवात लालबुंद तापवायचा. तापली की ती फुगते, मग चाकावर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचं. चर्र! धाव आक्रसून लाकडाला घट्ट आवळून बसे. ती झिजायला वर्षं लागत. पण धक्के मात्र थेट बसत, गाडीला, गाडीवानाला आणि बैलांच्या मानेलाही.

हवेचा टायर लोकांच्या वापरात आणला तो एका जनावरांच्या डॉक्टरने. जॉन बॉइड डनलॉप त्याचं नाव. आयर्लंडमधल्या बेलफास्ट गावी तो राहायचा. मुलाची तीनचाकी फार खडखडते म्हणून त्याने चाकांना हवा भरलेली रबरी नळी बसवली, आणि १८८८ साली तिचं पेटंट घेतलं. गुरांच्या डॉक्टरची युक्ती शेवटी बैलांच्याही कामाला आली! ट्रॅक्टरला मात्र रबर उशिरा मिळालं. आधी त्याची चाकं लोखंडी आणि दातेरी असत. १९३२ च्या सुमारास अमेरिकेत रबरी टायरचा ट्रॅक्टर आला, पण शेतकऱ्यांचा विश्वास बसेना. मग कंपनीने काय करावं? १९३३ साली बार्नी ओल्डफिल्ड या शर्यतवीराला ट्रॅक्टरवर बसवलं आणि त्याने तो तासाला १०३ किलोमीटर वेगाने पळवून दाखवला. म्हणजे स्पोर्ट्‌स कारचं आणि ट्रॅक्टरचं नातं मी उगाच जोडत नव्हतो, पटलं ना?

आता तुमच्या घरचं काम. मोटारसायकल असेल तर दोन्ही टायर बघा. मागचा जास्त झिजलेला दिसेल. दोन्ही एकदमच बदललेले असले तर नक्कीच. पण छोट्या मोटारींपैकी बहुतेकांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते, तिथे पुढचे टायर आधी जातात. मोटारीच्या टायरच्या खाचांत बोट घाला. तळाशी मधे मधे छोटे उंचवटे लागतील. नक्षी झिजत झिजत त्या उंचवट्यांच्या पातळीला आली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, की टायर बदलायचाच. बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. '२३१९' असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी चांगली असली तरी फार जुनं रबर कडक होतं, तडकतं, म्हणून हा आकडाही वाचायचा. गाडी उभी असताना आणि मोठ्यांना सांगून, हे निराळं सांगायला नको.

झिजलेलं रबर जातं कुठे? शर्यतीच्या रस्त्यावर त्याचे बारीक गोळे कडेला साचतात. त्यांना तिथे चक्क 'मार्बल्स' म्हणजे गोट्या म्हणतात. आपल्या रस्त्यावर त्याची धूळ होते आणि पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्या-नद्यांत जाते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पाऊस पडला की ओढ्यांतले कोहो जातीचे सामन मासे पटापट मरत. कारण सापडत नव्हतं. २०२० साली शास्त्रज्ञांनी शोधून काढलं, की टायर तडकू नये म्हणून रबरात घालतात त्या रसायनापासून बनलेला एक पदार्थ त्यांना मारतो. रेणा नदीच्या पुलावरून जाताना हे मला हटकून आठवतं.

आणि उरलेला टायर? ट्रकचा, बसचा टायर सांगाडा धड असेल तर 'रिमोल्ड' होतो. त्याच्यावर नव्या रबराचा थर चढवतात. असा टायर सहसा मागेच घालतात, पुढे नाही, कारण पुढचा फुटला तर स्टेअरिंगच हातातून जाईल. ट्रकचे जुने टायर टायरगाडीला लागतात. त्याहून जुन्यांच्या चपला होतात, घमेली होतात. अंगणात पडून राहिले तर पावसाचं पाणी साठून त्यात डेंग्यूचे डास होतात, म्हणून ते आडोशाला ठेवायचे. सायकलचा किंवा स्कूटरचा जुना टायर मात्र घरात राहतच नाही. फाट्यावरून गावात वळलात की तो दिसेल : हातभर काठी, पुढे पळणारा टायर, आणि मागे धूळ उडवत धावणारं एक पोरगं.