पाळी गेल्यानंतरची गाठ

सोनोग्राफीच्या रिपोर्टात तळाशी एक ओळ असते : उजव्या बीजकोशात ३.४ बाय २.९ सेंमीची साधी गाठ. बाई आलेली असते पित्ताच्या खड्यासाठी, नाहीतर मुतखड्यासाठी. पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेली. पण मूळ दुखणं बाजूला राहतं आणि घरात त्या एका ओळीवर खल सुरू होतो. मुलगा रिपोर्टचा फोटो पुण्याच्या मावसभावाला पाठवतो, सून मोबाइलवर शोधाशोध करते, आणि माझ्यापर्यंत येईस्तोवर निर्णय झालेला असतो. या वयात गाठ म्हणजे कॅन्सर; आज नसेल तर उद्या होईल; तेव्हा काढून मोकळं व्हावं.

मी सांगलीत स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. या विषयावर लिहायचं ठरवलं ते एका कारणासाठी. पाळी गेल्यानंतरच्या साध्या गाठींपैकी बहुतेकींना हात लावायची गरज नसते, आणि ज्या खरोखर धोक्याच्या असतात त्या सेंटिमीटर मोजून ओळखता येत नाहीत. या दोन्ही गोष्टी घराघरांत पोचलेल्या नाहीत. त्यामुळे काही जणींची शस्त्रक्रिया विनाकारण होते आणि काही जणी फार उशिरा येतात.

ही भीती लोकांनी मनानं निर्माण केलेली नाही. ती आम्हा डॉक्टरांकडूनच आली. १९७१ मध्ये ह्यू बार्बर आणि एडवर्ड ग्रेबर या अमेरिकी डॉक्टरांनी लिहिलं, की पाळी गेलेल्या स्त्रीला तपासताना बीजकोश हाताला लागला तर त्याचा छडा लावल्याशिवाय राहू नये. आणि छडा लावणं म्हणजे त्या काळी पोट उघडणं. त्यामागचं तर्कशास्त्र चुकीचं नव्हतं. तरुणपणी साडेतीन सेंमीच्या आसपास लांब असलेला बीजकोश पाळी गेल्यावर आक्रसत जातो, दोन सेंमीपर्यंत किंवा त्याहूनही खाली येतो आणि बोटांना लागेनासा होतो. मग लागला तर काहीतरी वाढलंय हे उघड. पण बोटांना फक्त आकार कळतो. आत निव्वळ पाणी आहे की मांसल वाढ, हे बोटं सांगू शकत नाहीत. ते पाहायचं साधन सर्रास हाताशी नसलेल्या काळातला तो नियम होता. साधन आलं, रुजलं, तरी नियम पुढची कित्येक वर्षं शिकवला जात राहिला.

या साधनाची सुरुवातच एका गाठीपासून झाली, हे मला फार मोलाचं वाटतं. ग्लासगोचे इयन डोनाल्ड धातूतल्या चिरा शोधायच्या कारखान्यातल्या यंत्रानं पोटातल्या गाठी बघायचा प्रयत्न करत होते. त्यांच्याकडे एक बाई आल्या. पोट प्रचंड फुगलेलं. जठराचा कॅन्सर, आता उपाय नाही, असं निदान झालेलं. ध्वनिलहरींनी दाखवलं, की हे पोटात साचलेलं पाणी नाही, एकच मोठी गाठ आहे. बीजकोशाची. शस्त्रक्रिया झाली, गाठ कॅन्सरची नव्हती, बाई वाचल्या. जून १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये डोनाल्ड यांचा यावरचा लेख छापून आला आणि सोनोग्राफीला वैद्यकात पाय ठेवायला जागा मिळाली.

साध्या गाठीचं पुढे काय होतं, याचं ठोस उत्तर मात्र केंटकी विद्यापीठानं दिलं. (त्याच केंटकीत १८०९ साली एफ्रेम मॅकडॉवेल यांनी, भुलीचा शोध लागायच्या कितीतरी आधी, जेन क्रॉफर्ड या बाईंची बावीस पौंडांहून जड गाठ काढली होती, त्या नंतर तीस वर्षांहून अधिक जगल्या.) या विद्यापीठानं पन्नाशीपुढच्या १५,१०६ स्त्रियांची नियमित सोनोग्राफी केली. त्यांतल्या सुमारे १८ टक्के स्त्रियांमध्ये कधी ना कधी एकाच कप्प्याची, दहा सेंमीपेक्षा लहान साधी गाठ सापडली. म्हणजे ही गाठ दुर्मीळ नाहीच. यांतल्या जवळजवळ ७० टक्के गाठी आपोआप नाहीशा झाल्या. आणि जिची गाठ शेवटपर्यंत तशीच साधी राहिली, अशा एकाही स्त्रीला बीजकोशाचा कॅन्सर झाला नाही. २००३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. माझ्या टेबलावर बसून रडणाऱ्या प्रत्येक बाईला मी हे सांगते.

‘साधी’ म्हणजे काय ते पडद्यावर पाहिलं की कळतं. ध्वनिलहरी स्वच्छ पाण्यातून अडथळ्याविना जातात, परत काही येत नाही, म्हणून गाठीचा आतला भाग निव्वळ काळा दिसतो. कडा पातळ, रेखीव. आणि गाठीच्या मागे एक उजळ पट्टा, कारण पाण्यातून गेलेल्या लहरींचा जोर कमी झालेला नसतो. आत पडदा नाही, ठिपके नाहीत, कडेवर काही नाही. मी प्रोब सावकाश फिरवत गाठीची आतली कड पूर्ण पाहते. मधला काळा भाग मला काही सांगत नाही, जे सांगायचं ते कड सांगते. कडेवरून आत आलेला तीन-चार मिलिमीटरचा कोंब दिसला, आणि रंगीत डॉप्लर लावल्यावर त्या कोंबात रक्त वाहताना दिसलं, तर मी खुर्ची पुढे ओढते. असा कोंब मला आठ सेंमीच्या स्वच्छ गाठीपेक्षा जास्त अस्वस्थ करतो. जाड पडदे, घट्ट मांसल भाग, दोन्ही बाजूंना गाठी, पोटात पाणी हीदेखील तशीच बोलकी लक्षणं. रिपोर्टात नेमका हाच भाग लोक वाचत नाहीत, सेंटिमीटर वाचतात.

हे सगळं पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत नीट दिसत नाही. त्यासाठी ‘आतून’ सोनोग्राफी लागते, आणि साठीच्या बाईला ते ऐकूनच अवघडल्यासारखं होतं. पाळी गेल्यावर तिथली त्वचा कोरडी, नाजूक झालेली असते, त्यामुळे दुखण्याची भीतीही खोटी नाही. भरपूर जेल, लहान प्रोब, लघवीची पिशवी रिकामी, सोबत लेक किंवा सून, आणि ‘थांबा’ म्हटल्याक्षणी थांबायची तयारी एवढं असलं की बहुतेकींची तपासणी पाच-सात मिनिटांत, विशेष त्रास न होता आटपते. काय करणार आहोत हे बाईला आधी सांगायला जो वेळ लागतो, तो द्यायलाच हवा.

जत तालुक्यातल्या एका मावशींनी मला सरळ विचारलं, “काढूनच टाका की वो डॉक्टरबाई. आता काय उपेग तिचा?” प्रश्न रास्त आहे. एक तर, पाळी गेली म्हणून बीजकोशाचं काम एकदम संपत नाही. थोड्या प्रमाणात संप्रेरकं तो पुढेही तयार करत असतो. पण खरं कारण निराळं आहे. शस्त्रक्रिया फुकट होत नाही, आणि मी पैशांबद्दल बोलत नाहीये. भूल आहे, आतड्याला किंवा मूत्रवाहिनीला इजा व्हायची शक्यता आहे, पायांत रक्ताची गुठळी आहे, जंतुसंसर्ग आहे. अमेरिकेत ५५ ते ७४ वयाच्या सुमारे ७८ हजार स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तपासणीनं संशय दाखवला पण कॅन्सर निघाला नाही, अशा १,०८० जणींवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकी १६३ जणींना किमान एक गंभीर गुंतागुंत झाली. या बायका आजारी नव्हत्या.

“मग सुईनं पाणी तरी काढा.” हेही नेहमीचं. त्यानं काम होत नाही. गाठ पुन्हा भरते, पाण्यातल्या पेशी पाहून कॅन्सर आहे की नाही हे खात्रीनं सांगता येत नाही, आणि आत कॅन्सर असलाच तर पेशी पोटात सांडतात व पहिल्या टप्प्यातला आजार आपणच अवघड करून ठेवतो.

‘आज साधी आहे, उद्या बिघडली तर?’ या भीतीलाही उत्तर आहे. बीजकोशाचा जो कॅन्सर सर्वांत जास्त आढळतो आणि सर्वांत जास्त जीव घेतो, तो बहुतेक वेळा गर्भनलिकेच्या झालरीसारख्या टोकाशी सुरू होतो आणि तिथून बीजकोशावर पसरतो, असं गेल्या काही दशकांतल्या संशोधनातून पुढे आलं आहे. पाण्यानं भरलेली साधी गाठ हळूहळू बिघडत तिथं जाऊन पोचते, असा त्याचा प्रवास नाही.

रक्ताच्या तपासणीबद्दल मला जरा कडक बोलायचं आहे. सीए-१२५ हे नाव आता महिला दिनाच्या तपासणी पॅकेजांत दिसतं. ३५ च्या वर गेलं की अहवालात ठळक अक्षरांत येतं आणि घराची झोप उडते. हा घटक कॅन्सरखेरीज यकृताच्या आजारात, हृदय कमजोर झाल्यावर, पोटात कुठेही सूज असली तरी वाढतो. पोटाच्या टीबीत तर तो काही शेंवर जातो, पोटात पाणीही होतं, वजनही घटतं, आणि चित्र हुबेहूब पसरलेल्या कॅन्सरचं दिसतं. आपल्याकडे टीबी आहे, म्हणून अशा बाईचं पोट उघडण्याआधी पाणी किंवा तुकडा तपासून घ्यावाच. उलट, पहिल्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या जवळपास निम्म्या रुग्णांत सीए-१२५ वाढलेलं नसतं. तक्रार नसलेल्या बाईनं पॅकेजमध्ये ही तपासणी करून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर हाच प्रयोग झाला. दरवर्षी रक्त किंवा सोनोग्राफी. २०२१ मध्ये अंतिम निष्कर्ष आला, की त्यामुळे या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत.

गाठ सापडलेली असेल तेव्हा मात्र हा आकडा उपयोगी पडतो, तोही एकटा नाही. १९९० पासून आम्ही एक साधा गुणाकार वापरतो. सोनोग्राफीतल्या संशयास्पद खुणांना शून्य, एक किंवा तीन गुण, पाळी गेलेली असेल तर तीन, आणि त्याला गुणिले सीए-१२५. गाठ स्वच्छ असेल तर गुण शून्य. मग सीए-१२५ साठ असो की ऐंशी, उत्तर शून्य. पण अनेक कप्पे आणि पोटात पाणी असेल तर तीन गुणिले तीन गुणिले साठ म्हणजे ५४०. दोनशेच्या वर उत्तर गेलं, की मी ती बाई कॅन्सरच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवते. अशी गाठ गावातल्या गावात दुर्बिणीनं तुकडे करून काढणं हा गुन्हा समजावा. ती न फोडता, अखंड बाहेर यायला हवी, आणि पहिली शस्त्रक्रिया कोणाच्या हातून होते यावर पुढचं बरंच काही ठरतं.

आता उशिरा येणाऱ्या बायकांबद्दल. भारतात स्त्रियांच्या कॅन्सरमध्ये स्तन आणि गर्भाशयमुखानंतर बीजकोशाचा क्रमांक लागतो, आणि बहुसंख्य रुग्णांत तो पसरल्यावरच कळतो. त्याला मुका आजार म्हणतात, ते मला पटत नाही. तो बोलतो, पण गॅसेसच्या भाषेत. पोट फुगल्यासारखं वाटतं, परकराची नाडी सैल बांधावी लागते. दोन घास खाल्ले की पोट भरतं. ओटीपोट दुखतं, लघवीला वारंवार जावं लागतं. बाई ओवा चावते, सोडा पिते, मेडिकलमधून गोळी आणते, ‘वय झालं’ म्हणते. डॉक्टरही ॲसिडिटीचं लिहून देतात. पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेला असा त्रास महिन्यातून बारापेक्षा जास्त दिवस होत असेल, तर सीए-१२५ आणि आतून सोनोग्राफी, दोन्ही करायलाच हव्यात. इथं ही तपासणी योग्य आहे, कारण इथं तक्रार आहे. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून लाल गेलं, एकदाच, थेंबभर, तरी त्याच आठवड्यात दाखवावं. आईला किंवा बहिणीला बीजकोशाचा अथवा कमी वयात स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगावं; त्या घराचा हिशोब वेगळा असतो आणि जनुकीय तपासणीचा विचार करावा लागतो.

साध्या गाठीचं पुढे काय करायचं, ते सोपं आहे. एका बाजूला, एका कप्प्याची, पाच सेंमीच्या आतली, सीए-१२५ नॉर्मल, त्रास काही नाही, तर चार ते सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी. शक्य तर त्याच सेंटरमध्ये, जुने फोटो घेऊन. वर्षभर गाठ तेवढीच राहिली किंवा कमी झाली, की तिच्यामागे लागणं थांबवायचं. जतच्या मावशींना एका फेरीत दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं जातं. म्हणून पुढची तारीख मी त्यांच्या बाजाराच्या दिवसाशी जुळवून लिहून देते. तारीख न देता ‘बघू पुढे’ म्हटलं, तर बाई एकतर येतच नाही, किंवा घाबरून दुसरीकडे जाऊन शस्त्रक्रिया करून घेते.

ज्यांचं गर्भाशय लवकर काढलेलं आहे त्यांचा प्रश्न अवघड होतो. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड मजूर स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी राज्यात समिती नेमावी लागली. कॅन्सरची भीती घातली गेली, असं त्यांतल्या अनेक जणींनी सांगितलं होतं. अशा बायका आता वयानं पुढे सरकत आहेत. त्यांच्या पोटात गाठ दिसली, की मी विचारते, बीजकोश ठेवले होते का? उत्तर येतं, ‘पिशवी काढली, एवढंच माहीत आहे.’ पाळीच नसल्यानं ती कधी गेली हेही सांगता येत नाही. तिथं आम्ही पन्नाशी ओलांडली की पाळी गेली असं धरून चालतो. घरात अशी कोणी असेल तर तिचं डिस्चार्ज कार्ड आणि काढलेल्या भागाचा तपासणी अहवाल शोधून एका प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, आणि डॉक्टरकडे जाताना सोबत न्या. कार्ड सापडलं नाही, तर ज्या दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली तिथं जाऊन नक्कल मागा.