एका रत्नागिरीची दोन पुस्तकं

सुनीता देशपांडे यांचं ‘आहे मनोहर तरी’ आणि ऊर्मिला पवार यांचं ‘आयदान’ ही दोन आत्मकथनं अलीकडे मी लागोपाठ वाचली. पहिलं १९९० सालचं, दुसरं २००३ सालचं. दोन्ही नावाजलेली, त्यांच्याविषयी पुष्कळ लिहून झालेलं. पण एकापाठोपाठ एक वाचल्यामुळे एक गोष्ट मनाला फार लागली. या दोघींची रत्नागिरी एकच आहे आणि तरीही ती एक नाही.

सुनीताबाईंचं माहेर शहरातलं, वकिलाचं घर. ऊर्मिलाताईंचं गाव फणसवळे. तिथल्या बायका डोक्यावर सरपण, गवताचे भारे, आंब्यांच्या पाट्या घेऊन डोंगरवाटा तुडवत रत्नागिरीच्या बाजाराला जायच्या. ‘आयदान’ची सुरुवातच या वाटेने होते. ती पानं वाचताना मला राहून राहून वाटत होतं, यांतला एखादा भारा कुणा वकिलाच्या अंगणातही उतरला असेल. घासाघीस होऊन तिथलं पाणी तापलं असेल. सुनीताबाईंच्या लेखनात हे येत नाही म्हणून मी त्यांना दोष देणार नाही. माणूस स्वतःच्या घराच्या खिडकीतूनच बाहेर बघतो. वाचणाऱ्याला मात्र दोन्ही खिडक्या उघडता येतात आणि त्याने त्या उघडाव्यात, असं मला कळकळीने वाटतं.

‘आहे मनोहर तरी’ आलं तेव्हा कित्येक वाचक दुखावले होते. सुनीताबाईंचे पती, लेखक पु. ल. देशपांडे यांच्यावर साऱ्या महाराष्ट्राचा जीव, आणि घरातलंच माणूस त्यांच्याविषयी इतकं परखड लिहितं, हे त्यांना सोसलं नाही. त्या पुस्तकात नुसते पु. ल. शोधत राहिलं तर पुस्तक हातचं जातं, असं माझं मत आहे. त्यातली खरी झटापट सुनीताबाईंची स्वतःशीच आहे. बुद्धी आहे, धडाडी आहे, बेचाळीसच्या ‘चले जाव’ चळवळीत उडी घेतलेली आहे. मग हे सगळं बळ दुसऱ्याच्या कामाची घडी बसवण्यात का खर्ची पडलं, आणि ते आपण आपखुशीने का पडू दिलं? काळाचा क्रम न पाळता त्या याच प्रश्नाभोवती पुन्हा पुन्हा येतात. काही ठिकाणी त्या न्यायाधीशासारख्या बोलतात, तिथे माझं मन मागे सरतं. पण तोच निवाडा त्या स्वतःलाही लावतात, आणि मग पुस्तक खाली ठेववत नाही.

‘आयदान’मध्ये मात्र मी आईपाशी थांबले. नवरा गेलेला, पदरात मुलं, आणि ही बाई बांबूच्या टोपल्या, सुपं विणत बसलेली. आपलं लेखन आणि आईचं ते विणणं यांत एकच वीण आहे, असं ऊर्मिलाताई सांगतात. मला तो भाग अतिशय खरा वाटतो. तरीही एक हुरहूर राहते. आईचे हात दिसतात, तिचा कष्टाळूपणा दिसतो, तिचं रडणं ऐकू येतं. हात चालू असताना तिच्या मनात काय चाललं होतं, ते मुलीलाही सांगता येत नाही. आत्मकथन लिहिणारा प्रामाणिक असेल तर त्याला या उंबऱ्यावर थांबावंच लागतं. ऊर्मिलाताई थांबतात, म्हणूनच त्यांच्यावर माझा विश्वास बसतो.

तो उंबरा ओलांडायची मुभा कादंबरीकाराला असते. म्हणून मी उद्धव शेळके यांची ‘धग’ पुन्हा काढली. १९६० सालची ही कादंबरी विदर्भातल्या कौतिकची. नवरा महादेव शिंपीकाम करणारा, पण संसाराला पाठ देणारा. गाव बदलून तरी पोरांचं भलं होईल या आशेवर कौतिक झगडत राहते. शेळके तिच्यावर दया दाखवत नाहीत, तिला देवीही करत नाहीत. ती चिडते, हिशेब करते, मुलाच्या शिक्षणासाठी हट्टाला पेटते. संवादांतली वऱ्हाडी बोली तर अशी की प्रत्येक माणूस आपल्या दमाने, आपल्या श्वासाने बोलतो. शेवटी कौतिकचं भान हरपतं. त्या शेवटाला कुणी भडक म्हणतं. मला तसं मुळीच वाटत नाही. तिच्यावर पडणारं एकेक ओझं आपण आधीपासून पाहत आलेलो असतो.

‘धग’नंतर पुन्हा आत्मकथनाकडे वळून आता बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ वाचते आहे. पुस्तकरूपाने ते १९८६ मध्ये आलं. त्याआधी कित्येक वर्षं बेबीताईंनी ही पानं घरच्यांपासून लपवून ठेवली होती. यात ‘मी’ फार थोडी आहे, सगळी दलित वस्तीच बोलते. बाळंतिणीच्या भुकेविषयी त्यांनी लिहिलं आहे, तिथे मी अडले आहे. ते वाचल्यावर लगेच पान उलटवत नाही.