धरणे आणि सोडणे

बडोद्यात व्यायामाची आवड जुनी. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत (१८७५–१९३९) येथे व्यायामविद्येला राजाश्रय लाभला. जुम्मादादांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव ह्यांचे नाव आमच्या घरी आजही आदराने घेतले जाते. ज्या हातांनी ते लाठी फिरवीत, त्याच हातांनी मोडलेली हाडे बसवीत, असे आजोबा सांगत. मला ती केवळ एक गंमतीची गोष्ट वाटे.

मी मल्लखांब शिकत होतो. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी ऊर्जितावस्थेस आणलेली ही विद्या. एरंडेल चोळलेला तो खांब जिंकावा, एवढीच माझी ईर्ष्या होती. स्पर्धा जवळ आली तशी मी विश्रांती टाकली. वस्ताद म्हणत, "बाळ, त्याला आवळू नकोस, बिलगायला शीक." मी ऐकले नाही. एके सायंकाळी थकलेल्या हातांची पकड सुटली आणि मनगट मोडले. स्पर्धा हुकली, सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये.

त्या सक्तीच्या रिकामपणात वडिलांच्या कपाटात लाओत्सेविषयीचे एक पुस्तक सापडले. ह्या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाच्या नावावरील 'ताओ ते चिंग' ह्या ग्रंथाची प्रकरणे अवघी ८१, तीही लहान लहान. 'यिन' म्हणजे मुळात डोंगराची सावलीची बाजू, 'यांग' म्हणजे उन्हाची. डोंगर एकच, सूर्य सरकला की बाजू पालटतात. जिवंत देह लवचीक असतो व मृत देह ताठर, हा विचारही तेथे वाचला आणि खांबावरचा माझा ताठलेला देह आठवला.

मग अढी डोळ्यांपुढे आली. हात भार पेलतात तेव्हा पाय जमीन सोडून वर जातात; पायांचा विळखा बसला की हात मोकळे होतात. दोन्ही सदैव आवळून धरले तर तसूभरही वर जाता येणार नाही.

प्लास्टर निघाले तेव्हा हात काडीसारखा झाला होता. खांबाजवळ जाण्याचे धैर्य होईना. वस्तादांनी काही न बोलता माझे मनगट हाती घेतले. खांबाला लोखंडी पकड घालणारी ती बोटे फुलाला स्पर्श करावा तशी फिरली. आजोबांची गोष्ट मला त्या क्षणी उमगली.

आता परीक्षा जवळ आली आहे. रात्री दहा वाजता मी पुस्तक मिटतो; पहाटे ते ताज्या मनाने उघडता येते.