एक किलो चारशे ऐंशी

बाळ आमच्यापैकी एकीच्याच पोटात होतं, पण झोप दोघांचीही उडाली होती. बत्तिसावा आठवडा चालू होता. मिरजेच्या एका सोनोग्राफी सेंटरात, गर्भलिंगनिदान केले जात नाही या पाटीखाली दीड तास बसून आम्ही रिपोर्ट घेतला. ‘बाळ लहान वाटतंय,’ एवढं बोलून तिथल्या डॉक्टरांनी पुढचं नाव पुकारलं. कागदावर वजन होतं १ किलो ४८० ग्रॅम.

घरी त्या आकड्याचे अर्थ निघू लागले. अम्मी म्हणाल्या, पोरगी जेवतच नाही. खालाजान म्हणाल्या, तिसऱ्या महिन्यात सहा रोजे कशाला ठेवले? गरोदर बाईला सवलत आहे, मागाहून कजा करता येतात, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण तेव्हा कुणी बोललं नव्हतं, उलट कौतुकच झालं होतं. आणि आमच्यातल्या दुसऱ्यानंही त्या रात्री विचारलंच, ‘दूध घेतेस ना रोज?’ त्या प्रश्नात माया नव्हती, पंचनामा होता. दोन दिवस अबोला राहिला.

नेहमीच्या डॉक्टरबाईंनी रोज्यांचं विचारलंच नाही. त्यांनी नवव्या आठवड्यातला पहिला रिपोर्ट मागितला. आठवडेच चुकीचे मोजले असतील तर बाळ उगाच लहान दिसतं. आमचे बरोबर होते. मग रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि नाळेतला रक्तप्रवाह पाहणारी डॉपलर तपासणी झाली. सगळं ठीक आलं. मशीन बाळाला तोलत नाही, हे बाईंनीच समजावलं. डोक्याची रुंदी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी मोजून सूत्रानं वजनाचा अंदाज काढतात. त्यात दहा-पंधरा टक्के इकडंतिकडं होतं. शंभर बाळांतल्या सर्वांत लहान दहांत आमचं मोडत होतं. त्या दहांतली बरीचशी मुळातच चणीनं लहान असतात. काहींना मात्र वारेतून पुरेसं मिळत नसतं. आमचं कोणत्यातलं, हे एका तपासणीत कळणार नव्हतं. तीन आठवड्यांनी पुन्हा मोजायचं, आणि तोवर हालचाल कमी वाटली तर रात्री-बेरात्रीही निघून यायचं.

अब्बांना हे लगेच पटलं. बकरीदच्या बाजारात पाठीवर हात फिरवून ते बकऱ्याचं वजन सांगतात आणि काट्यावर दोन-तीन किलोंनी चुकतात. हे उदाहरण सुनेसमोर दिलं म्हणून अम्मी त्यांच्यावर उखडल्या. आम्ही मात्र कितीतरी दिवसांनी हसलो.

बाळांच्या वाढीचे तक्ते कुणाच्या मोजमापांवरून करतात, हेही आम्ही शोधलं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका तक्त्यासाठी आठ देशांतल्या निरोगी गरोदर बायकांची बाळं मोजली होती, त्यात नागपूरच्याही बायका होत्या. का कोण जाणे, बरं वाटलं.

त्या तीन आठवड्यांत आम्ही दुसरं काही केलं नाही. इशानंतर डाव्या कुशीवर निजायचं, दोघांचे हात पोटावर, आणि लाथा मोजायच्या. कधी मोजता मोजता एकाला झोप लागे, दुसरीला लागत नसे.

पस्तिसाव्या आठवड्यात वजन १ किलो ९६० ग्रॅम निघालं. लहानच, पण वाढत होतं. अडतीस आठवडे भरल्यावर मुलगी झाली. शेवटच्या सोनोग्राफीत २ किलो १०० ग्रॅम सांगितलं होतं. काट्यावर २ किलो ३५० ग्रॅम भरली. अडीच किलोंच्या आत, म्हणजे कमी वजनाचीच. खालाजाननी शिवलेल्या झबल्याच्या बाह्या तीनदा दुमडाव्या लागल्या. रोज्यांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. दुधाच्या त्या प्रश्नाची माफी मात्र आमच्यातल्या दुसऱ्यानं अजून मागितलेली नाही. ती इथं मागतो.