नदीचे मूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. तिचा रूढ अर्थ सर्वांना ठाऊक आहे. थोरवी कोठून आली हे खणत बसू नये, कारण उगमाशी बहुधा क्षुल्लकच काही हाती लागते. पदवीच्या वर्गात म्हणी शिकवताना हा अर्थ सांगून पुढे जाता येते. अलीकडे मात्र या म्हणीच्या पूर्वार्धापाशी मी रेंगाळते. ऋषींच्या कुळाचे राहू द्या; पण नदीचे मूळ विचारल्यावाचून आता आपल्याला गत्यंतर उरले आहे का?

मूळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक बिंदू येतो. गोमुख हे त्याचे सर्वपरिचित रूप. सुमारे तीस किलोमीटर लांबीच्या गंगोत्री हिमनदीच्या मुखातून भागीरथी बाहेर पडते, आणि ते मुखच गेली कित्येक दशके मागे सरकत आहे. परंतु नदीचा जन्म एका बिंदूपाशी होतो ही कल्पनाच अपुरी आहे. हिमनदी मागे हटताना दगडगोटे, वाळू आणि चिखल यांचे ढिगारे सोडून जाते. भूगोलात त्यांना हिमोढ म्हणतात. वितळलेल्या पाण्याचा काही भाग या हिमोढांत आणि खडकांच्या भेगांत मुरतो, आणि खाली कोठेतरी झऱ्याच्या रूपाने प्रवाहाला पुन्हा येऊन मिळतो. हिवाळ्यात वर सारे गोठलेले असताना नदी जगते ती मोठ्या प्रमाणावर या साठ्यावर. उलट नदीची पातळी चढते तेव्हा तीच काठच्या जमिनीला पाणी पाजते. देणारे कोण आणि घेणारे कोण, हे ऋतूप्रमाणे पालटते.

नेपाळमधील तीन मोठ्या नद्यांच्या खोऱ्यांचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. पावसाळ्यात डोंगरांच्या खडकांत मुरून मग नद्यांना मिळणारे पाणी, हे बर्फ आणि हिमनद्या यांच्या वितळण्यातून मिळणाऱ्या पाण्याच्या सुमारे सहापट भरते, असे त्यात दिसून आले. म्हणजे ज्या नद्यांना आपण हिमकन्या म्हणतो, त्यांचेही पोषण बरेचसे अदृश्यच आहे.

हिमनदी वेगाने वितळू लागली की काही वर्षे नदीत पाणी वाढते. ही वाढ म्हणजे वाडवडिलांची ठेव मोडून चालवलेला संसार. बर्फ एका मर्यादेखाली गेले की ओघ घटतो, त्याबरोबर जमिनीत मुरणारे पाणीही घटते. भूजल सावकाश चालते, म्हणून ही घट ते काही काळ झाकून ठेवते. भरून मात्र काढू शकत नाही. पाणी दिसणे आणि मूळ जिवंत असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला या साऱ्यातून उमगते.

मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांवर जाणाऱ्या नागपुरात बसून हिमनद्यांविषयी लिहिणे कोणाला विचित्र वाटेल. पण एके काळी बर्फ इथेही होते. चंद्रपूरजवळ इरई येथे, पैनगंगेच्या पात्रात, गुळगुळीत घासला गेलेला आणि समांतर ओरखडे उमटलेला चुनखडक फ्रान्सिस फेडन या भूवैज्ञानिकाने पाहिला आणि १८७५ साली त्याविषयी लिहिले. हे ओरखडे सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी सरकणाऱ्या बर्फाने काढलेले. त्या बर्फाने टाकलेल्या थरांत चिकणमाती फार, म्हणून त्यांत पाणी फारसे साठत नाही. त्याच मालिकेतला, पण पुष्कळ नंतरचा वालुकाश्म मात्र पाणी उत्तम धरतो. आमच्या शेजारच्या कामठीचे नाव त्याला मिळाले आहे. खडकांच्या या संपूर्ण मालिकेला जगभर गोंडवाना म्हणतात, आणि ते नावही इथल्याच भूमीचे.

आज विदर्भातल्या नद्यांना बर्फाचा आधार नाही. धरणांतून सोडलेले पाणी वगळले, तर दिवाळीनंतर त्यांच्यात वाहते ते मुख्यतः पावसाळ्यात मुरलेले पाणीच. माझे आजोळ भंडारा जिल्ह्यात, चुलबंद नदीच्या काठी. उन्हाळ्यात पात्र कोरडे पडे, तेव्हा आजी वाळूत हाताने झिरा उकरी. थोडे थांबले की गढूळ पाणी निवळे. मग ती गडव्याने हलकेच घागर भरी. वर नदी संपलेली आणि हातभर खाली ती चालू, हे मी पुस्तकात वाचण्याआधी पाहिले होते. पुढे पात्रातली वाळू ट्रकांनी गेली, काठच्या शेतांत बोअर खोल होत गेले. भूजलाची पातळी पात्राच्या तळाखाली गेली की नदीला पाणी मिळत नाही, उलट तिचेच पाणी जमीन ओढून घेते. आता तिथे खणले तर कोरडी मातीच लागते.

आमच्या शहराला जिचे नाव आहे, ती नाग नदी मात्र भर उन्हाळ्यातही वाहताना दिसते. ते वाहणे पाझराचे नव्हे, मुख्यतः शहराच्या सांडपाण्याचे आहे. पुलावरून पाहणाऱ्याला नदी बारमाही वाटावी, इतके ते फसवे आहे.

कायद्यानेही हे दोन्ही पाणी वेगळे मानले. नदी सरकारची, आणि १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार जमिनीखालचे पाणी उपसण्याचा हक्क जमीनमालकाचा. महाराष्ट्राने २००९ साली भूजलासाठी स्वतंत्र कायदा केला, तरी विहीर आपली आणि नदी सरकारची, ही समजूत अजून घट्ट आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, असे विचारणाऱ्या भाषेत आडाचा आणि नदीचा संबंध आपण कसा विसरलो, याचे मला नवल वाटते.

गेल्या वर्षी मी विद्यार्थ्यांना आपापल्या गावचे पाण्याचे शब्द जमवायला सांगितले. झिरा, पाझर, उमाळा, आड, बोडी असे पुष्कळ शब्द आले. शब्दापुढे ती जागा आणि तिथे पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, हेही लिहायचे होते. एका मुलीने झिऱ्यापुढे आपल्या गावच्या नाल्याचे नाव लिहिले होते, आणि महिन्याच्या रकान्यात, आजीला विचारून, ‘पूर्वी जेठापर्यंत’. त्याखाली आजचा महिना लिहायला तिने एक ओळ मोकळी सोडली होती. ती ओळ भरण्यासाठी या उन्हाळ्यात आम्ही तिच्या गावी जाणार आहोत.